बोरसे सरांनी दिलेलं कडं

बोरसे सर आठवले की मान खाली घातलेलेच आठवतात. आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर दरवर्षीचे ग्रुप फोटो लावलेले आहेत. त्यातल्या एकाही फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. शेजारच्या बाईच्या हाताकडे बघत असावेत असं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

धुळ्यातल्या त्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा ते तिथे इतिहास शिकवत होते. उंच, किडकिडीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे. मुख्याध्यापिकेने ओळख करून दिली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाऐवजी मनगटाकडे पाहिलं. माझ्या डाव्या हातात घड्याळ होतं. उजवा हात मोकळा.

"उजव्यात काही घालत नाही तुम्ही, सोनवणे मॅडम?"

"फळ्यावर लिहिताना आवाज होतो, सर."

"बरोबर आहे. आवाज व्हावा म्हणूनच बाईच्या हातात बांगडी घातली असं काही जण मानतात. घरात ती कुठे आहे ते कळावं म्हणून." आणि मग एकदम ओशाळून, "म्हणजे, इतिहासात," असं पुटपुटत ते तासाला निघून गेले.

'म्हणजे, इतिहासात' हे त्यांचं पालुपद होतं. बोलता बोलता विषय जरा जवळ आला, कुणाच्या घरापर्यंत आला, की ते हे दोन शब्द मध्ये टाकून त्याला लांब ढकलायचे. मुली त्यांची नक्कल करायच्या. मधल्या सुट्टीत एखादी म्हणायची, "आज डब्यात भाजी खारट झाली," आणि बाकीच्या ओरडायच्या, "म्हणजे, इतिहासात!"

पण तास मात्र असा घ्यायचे की मीसुद्धा मोकळा तास असला की व्हरांड्यात रेंगाळायचे. बांगडी हा त्यांचा खास विषय. पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम एक ओळ असेल. ते त्यावर दोन-दोन तास बोलायचे. काड्यापेटीत कापसावर ठेवलेला शंखाच्या बांगडीचा एक तुकडा त्यांच्याकडे होता. तापीकाठच्या एका शेतात नांगरताना वर आलेला, कुणा विद्यार्थिनीच्या वडिलांनी दिलेला. तो बाकाबाकांवरून फिरायचा.

"समुद्र इथून किती लांब," ते म्हणायचे. "तरी कुणीतरी हा शंख इथवर आणला, कापला, घासला आणि एका बाईच्या हातात घातला."

"कोणत्या बाईच्या, सर?"

"ते कळायला मार्ग नाही. बांगडी सापडते, बाई सापडत नाही."

मग भाजलेल्या मातीच्या बांगड्या, तांब्याची कडी, मोहेंजोदडोची ती एवढीशी ब्राँझची मुलगी, जिचा एक हात पार खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. लढाई मारून आलेल्या पुरुषाला दरबारात सोन्याचं कडं मिळायचं, हे सांगताना ते स्वतःचं हाडकुळं मनगट पुढे करायचे आणि मुली हसायच्या. पुरुषाला कडं मिळायचं ते काहीतरी केल्याबद्दल, बाईला मिळायचं ते कुणाची तरी झाल्याबद्दल, असं एकदा ते म्हणाले. लगेच खडू शोधायला लागले.

बाईला भेट म्हणून कडंच का द्यावं, याचंही त्यांचं एक उत्तर होतं. ते मला अजून पटतं. अंगठीला माप लागतं. गळ्यातलं नवऱ्यानेच द्यावं अशी समजूत आहे. हातातलं मात्र कुणीही देऊ शकतं. बाप देतो, भाऊ देतो, मैत्रीण देते, सासू डोहाळजेवणाला देते. आणि मुख्य म्हणजे कानातलं, नाकातलं, गळ्यातलं सगळं लोकांना दिसतं. बाईला स्वतःला दिसायला आरसा लागतो. हातातलं तिचं तिला दिसतं. पीठ मळताना दिसतं, पेपर तपासताना दिसतं. "दिवसभर तिच्या नजरेसमोर असतं," ते म्हणायचे. "म्हणून देणाऱ्यानं विचार करून द्यावं."

ते देत असत. शाळेतली कुणी बाई निवृत्त झाली, कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं, की सर रविवारी जळगावला जायचे. मुलगी पिंप्राळ्यात दिलेली होती. तिला भेटून सराफ बाजारात जायचे आणि एक चांदीचं साधं कडं घेऊन यायचे. नक्षी नाही, घुंगरू नाही. डबी त्या बाईच्या हातात द्यायचे आणि दोन पावलं मागे सरायचे. स्वतः कुणाच्या हातात कधी घातलं नाही. एकदा एका बाईंनी कौतुकाने हात पुढे केला, "घाला ना सर तुम्हीच," तर ते इतके लाल झाले की आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. "घालणारीनं आपल्या हातानं घालावं," एवढं म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

एक पुरुष सगळ्या बायकांना कडी वाटतो म्हटल्यावर सुरुवातीला कुजबुज झालीच असणार. मी आले तोवर ती संपली होती आणि तिची जागा हेव्याने घेतली होती. ज्या मुख्याध्यापिकेने त्यांना उशिरा येण्याबद्दल लेखी समज दिली होती, तिलाही निरोपाच्या दिवशी कडं मिळालं आणि ती रडली. आमच्या शाळेतल्या शिपाई कौसाबाई, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या. आयुष्यभर प्लॅस्टिकच्या बांगड्या घातलेल्या. त्यांनी कडं घातलं आणि तो हात टेबलावर असा ठेवून बसल्या, जणू कुणीतरी जरा वेळ सांभाळायला दिलाय.

मलाही मिळालं, मी सेट परीक्षा पास झाले तेव्हा. त्या दिवशी मी त्यांना आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली. आमचं घर नशिराबादचं, बौद्ध वस्तीतलं. माझ्या आजीची आई कोपरापर्यंत कथलाचे जड गोठ घालायची. ते हौसेचे नव्हते. बाई कोणत्या वस्तीतली आहे हे लांबून ओळखू यावं, तिच्या हातात सोनं-चांदी दिसू नये, यासाठी ते होते. पुढे वस्तीत चळवळ आली, आणि एके दिवशी तिच्यासह वस्तीतल्या बायकांनी ते गोठ काढून टाकले. हात कित्येक दिवस हलके लागत होते, ती म्हणायची; पाण्याचा हंडा उचलताना तोल जायचा.

सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं बांगडी शिकवतोय आणि हे मला माहीत नाही." मान आणखी खाली गेली. खाली बघतच विचारलं, "मी हे वर्गात सांगू का? तुमच्या घरचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर नाही सांगणार."

मी हो म्हटलं. त्यांनी वर्गात सांगितलं, आणि अगदी नीट सांगितलं.

लीलाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हाला वर्षातून एकदाच भेटायच्या. हिवाळ्यात सर सगळ्या स्टाफला देवपुरातल्या घरी भरीत खायला बोलवायचे. अंगणात काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, शेंगदाणे. लीलाताई ठेंगण्या, चटपटीत, तोंडाच्या फटकळ. सरांना सर्वांसमोर म्हणायच्या, "तुमचं व्याख्यान आवरा, वांगं जळतंय." त्या वाढायच्या डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं मिटायची नाहीत. आणि दोन्ही मनगटं मोकळी. काचेची बांगडी नाही, धागा नाही, काही नाही.

एका वर्षी आमच्यातल्या एका बाईने विचारलंच. "काय हो ताई, आम्हा सगळ्यांना सरांनी मढवलं आणि तुमचेच हात रिकामे? तुम्ही तर किती नशीबवान!"

"मला सवय नाही," लीलाताई म्हणाल्या. "तुम्ही भरीत घ्या."

सर चुलीपाशी बसून निखारे सारखे करत होते. तिथून ते बराच वेळ उठले नाहीत.

मग तो महिला दिन आला. शाळेच्या सभागृहात सरांचं भाषण होतं. विषय त्यांचाच ठरलेला, दागिन्यांचा इतिहास. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर अकरावीतली एक मुलगी उभी राहिली. वसतिगृहात राहणारी, कधी फार न बोलणारी.

"सर, कैद्याच्या हातातही कडीच घालतात. मग बाईला दिलेलं कडं ही भेट आहे, हे तिनं ओळखायचं कसं?"

सरांनी थोडा विचार केला. "तिला ते काढता आलं पाहिजे. काढलं तरी कुणी रागावलं नाही पाहिजे. तर ती भेट." ते थांबले. "मला हे फार उशिरा कळलं."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे, इतिहासात!" आणि सगळं सभागृह हसलं.

सर हसले नाहीत. "नाही," ते म्हणाले. "इतिहासात नाही. माझ्या घरात."

पुढे ते जे बोलले त्यातलं मी थोडंच लिहिते आहे. बाकीचं न लिहिण्याचं मी कबूल केलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एका भांडणात सरांनी लीलाताईंचा हात पिरगळला. हातात काचेचा चुडा होता. तो फुटला, काच आत गेली आणि हात कायमचा अधू झाला. दवाखान्यात सरांनी सांगितलं, पडली. लीलाताईंनीही तेच सांगितलं. नंतर सरांनी त्यांच्यासाठी पहिलं कडं आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. दुसरं आणलं, तेही नाही. मग सर इतरांना देत गेले.

आम्ही बायका एका ओळीत बसलो होतो. जवळजवळ प्रत्येकीच्या हातात त्यांनी दिलेलं कडं होतं. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर ओढून हात झाकला. मीही हात मांडीखाली घेतला. आपण काही केलेलं नसताना असं का वाटावं हे मला तेव्हा कळलं नाही. सर व्यासपीठावरून उतरले तेव्हा कुणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग मागून एका मुलीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सगळ्याच वाजवू लागल्या.

कुणीतरी मोबाइलवर ते सगळं घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते धुळ्यात फिरलं, दुसऱ्या दिवशी जळगावात, नंदुरबारात. खाली लोक लिहीत होते: सलाम सर. असे पुरुष हवेत. केवढं हे धाडस. माझ्या भावाने नशिराबादहून फोन केला, "तुमच्याच शाळेतले ना हे सर? मोठा माणूस." शाळेत सरांना हार घालायला माणसं येऊ लागली. सर हार हातात घ्यायचे आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून द्यायचे, पण घ्यायचे.

मी लीलाताईंना भेटायला गेले. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, आत यावं की जावं न कळल्यासारखे.

"काल भाजी घ्यायला गेले," लीलाताई म्हणाल्या. "रोजची भाजीवाली. म्हणते, ताई, दाखवा बरं हात. मी दाखवला. काय करणार? शेजारची आली, तिनंही बघितला. हात हातात घेऊन बघितला, मॅडम, जसं लहान मुलाचं गळू बघतात."

त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली.

"मला जुन्याचं दुःख नाही असं नाही. पण ते मी माझ्यापुरतं मिटवलं होतं. माझ्या आईला माहीत नव्हतं. ती गेली, पडले असंच समजून गेली. बहिणीला माहीत नव्हतं. पोरीला नव्हतं. आता पोरीचा फोन येतो, मम्मी, खरं आहे का हे? मी तिला काय सांगू? मोबाइलमध्ये बघ म्हणून?"

"लीला," सर दारातून म्हणाले, "मला वाटलं लपवणं म्हणजे अजून—"

"लपवलं होतं ते मी!" त्या त्यांच्याकडे वळल्या. "दवाखान्यात खोटं मी बोलले. आईशी खोटं मी बोलले. हात पदरात घेऊन लग्नाकार्यात मी बसले. ते माझं होतं. तुम्ही सगळ्या गावाला वाटून आलात. एकदा घरी येऊन विचारायचं तरी, लीला, सांगू का?"

सर म्हणाले, "चुकलं माझं."

"कुठलं?" लीलाताईंनी विचारलं.

मेथीच्या काड्या खाली पडल्या होत्या. सर वाकून त्या गोळा करू लागले. मी तिथून कशी निघाले ते आठवत नाही. पायऱ्या उतरताना मात्र नशिराबादच्या गोठांची गोष्ट आठवली. मला त्यांनी विचारलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण जळगावच्या एका महिला मंडळाने सरांचा सत्कार ठरवला. 'दोघांनी यावं' असा आग्रह. मी सरांची सहकारी म्हणून चार शब्द बोलावेत अशी मलाही विनंती. मला वाटलं होतं लीलाताई येणार नाहीत. त्या आल्या. "लोक काय बोलतात ते माझ्यासमोर बोलू देत," म्हणाल्या. निळं काठाचं पातळ नेसल्या होत्या, उजवा हात पदराखाली. पिंप्राळ्याहून मुलगीही आली होती. ती वडिलांपासून चार खुर्च्या सोडून बसली.

हॉल भरलेला होता. मी दोन वाक्यं बोलून बसले. तयार करून नेलेलं भाषण मला पुढे वाचवेना. नंतर मंडळाच्या अध्यक्षा माइकवर आल्या. हौशी, भल्या बाई होत्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "आज आपण एक अधुरी गोष्ट पूर्ण करणार आहोत," त्या म्हणाल्या आणि एक लाल मखमली डबी उघडली. आत चांदीचं नक्षीदार कडं होतं. "सर आपल्या हातानं हे ताईंच्या हातात घालतील. टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतले मोबाइल वर गेले. डबी सरांच्या हातात आली. त्यांना आधी काही सांगितलेलं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण ते निघाले. जन्मात कुणाच्या हातात कडं न घातलेला तो माणूस डबी घेऊन लीलाताईंच्या खुर्चीकडे निघाला. त्या टाळ्यांमुळे असेल, किंवा नको म्हणायचं कसं ते सुचलं नसेल. किंवा मनात कुठेतरी त्यांना वाटलंही असेल की आता, एवढ्या लोकांत, ती नाही म्हणणार नाही. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं, म्हणून लिहिते.

त्यांनी कडं बाहेर काढलं. लीलाताईंनी हात पदराखालून काढला नाही. अध्यक्षाबाई हसत हसत माइक घेऊन जवळ आल्या, "लाजू नका ताई!"

लीलाताईंनी सरांकडे वर पाहिलं. त्या शहरात प्रमाण मराठीच बोलायच्या. रागावल्या की माहेरची अहिराणी तोंडात यायची.

"हाऊ हात मन्हा शे," त्या म्हणाल्या.

हा हात माझा आहे, एवढंच. हळू बोलल्या, पण माइक समोर होता. हॉलभर ऐकू गेलं. टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. मागच्या लोकांना काय झालं ते कळलं नव्हतं, ते वाजवतच होते. पुढच्या रांगा गप्प, मागच्या रांगा टाळ्या वाजवतायत, आणि मध्ये सर कडं हातात धरून उभे.

अध्यक्षाबाईंनी गोंधळून माइक सरांपुढे धरला. सर काहीतरी बोलतील, प्रसंग सावरतील, असं सगळ्यांना वाटलं. बोलणं हे तर त्यांचं काम. सरांनी माइक हाताने बाजूला केला. कडं डबीत ठेवलं, डबी टेबलावर ठेवली, आणि ते लीलाताईंपासून बाजूला होऊन उभे राहिले, वर्गात शिक्षा झालेला मुलगा राहतो तसे.

लीलाताई उठल्या. "मी यावलला जाते, सुमनकडे," त्या म्हणाल्या. सुमन त्यांची धाकटी बहीण. "तुम्ही धुळ्याला जा." मुलगी त्यांच्यामागे धावली. दोघी पायऱ्या उतरून गेल्या. एका मोबाइलवाल्याने त्यांच्याकडे मोबाइल वळवला, तेव्हा अध्यक्षाबाईंनीच पुढे होऊन त्याच्या मोबाइलवर हात ठेवला. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आम्हाला काय माहीत," असं त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

सर आणि मी धुळ्याच्या एसटीने परत आलो. खिडकीतून ऊन येत होतं, तरी त्यांनी जागा बदलली नाही. एरंडोल गेलं, पारोळा आलं. तिथे गाडी थांबल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"मॅडम, शाळेत त्या दिवशी मुलींनी टाळ्या वाजवल्या ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं. नंतरही, ते लोक हार घेऊन यायचे, तेव्हा वाटायचं. आजसुद्धा डबी हातात आली तेव्हा वाटलं." ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते. "पहिल्या गोष्टीची लाज मी एवढी वर्षं वागवली. या दुसऱ्या गोष्टीची कुणाला सांगायची सोय नाही."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

त्यानंतर त्यांनी कुणाला कडं दिलं नाही. सत्काराला बोलावणाऱ्यांना ते नाही म्हणून कळवत. ज्या ज्या ओळखीच्या माणसाकडे तो व्हिडिओ होता त्याला फोन करून तो काढून टाकायची विनंती करत. काहींनी काढला. पण तो आपला फिरतच राहिला. वर्गात ते पुस्तकाबाहेरचं काही बोलेनासे झाले. मुलींना आधी वाटलं सर आजारी आहेत. स्टाफरूममधल्या बायकांची कडी हळूहळू दिसेनाशी झाली. कुणी कुणाशी त्यावर बोललं नाही. माझंही कपाटात गेलं. एकट्या कौसाबाईंच्या हातात ते राहिलं. पेन्शनच्या कामाला शाळेत आल्या तेव्हा कुणीतरी त्यांना विचारलं, अजून घालता? "माले दिन्हं ते मन्हं शे," त्या म्हणाल्या. "त्यास्नी काय करं, ते त्यास्ले माहीत."

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोप समारंभ नको म्हणून मुख्याध्यापिकेला विनंती केली. शेवटच्या दिवशी चहा झाला. ते सगळ्यांशी खाली बघून बोलले आणि मधल्या सुट्टीतच निघून गेले.

हे लिहायचं मनात आलं तेव्हा मी आधी यावलला गेले. लीलाताई बहिणीच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहतात. मागे केळीची बाग आहे. तब्येत बरी दिसली. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "लिहा. पण ते भांडण कशावरून झालं ते लिहायचं नाही. दवाखान्याचं नाव नाही. आणि मी बिचारी होते असं लिहायचं नाही."

मी कबूल केलं. मग विचारलं, "सर येतात?"

"रविवारी येतात. ओट्यावर बसतात. आज आले होते, आत्ताच गेले."

"बोलता तुम्ही त्यांच्याशी?"

"तुम्ही चहा घ्या," त्या म्हणाल्या.

स्टँडवर आले तेव्हा सर बाकावर बसले होते. जळगावच्या गाडीची वाट बघत होते. मला नशिराबादला जायला भुसावळची गाडी धरायची होती. खूप वाळले होते. शर्टाच्या बाह्या आता बटण लावून बंद होत्या. शेजारी पिशवीत केळीची फणी होती. मला पाहून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि जागा करून दिली.

"लीलाताईंनी दिली का केळी?"

"नाही. साडूनं."

आम्ही थोडा वेळ गाड्या बघत बसलो. मग ते म्हणाले, "आज ती बोलली, मॅडम. इतक्या दिवसांनी. बाहेर येऊन समोर बसली आणि बराच वेळ बोलली. मी ऐकत होतो."

मला राहवलं नाही. "काय म्हणाल्या?"

ते सांगणार होते. मला दिसलं, ओठ हलले, हात वर आला, वर्गात यायचा तसा. आणि मग तो हात त्यांनी परत पिशवीवर ठेवला.

"ते तिला विचारा," ते म्हणाले.

जळगावची गाडी लागली. ते पिशवी घेऊन उठले आणि गर्दीत मागे उभे राहून आपली पाळी यायची वाट बघू लागले.